'फेटल ॲट्रॅक्शन' पहिल्यांदा पाहताय? मग हे वाचून बसा

लग्न झालेला एक वकील. बायको मुलीला घेऊन शनिवार-रविवार आईवडिलांकडे गेलेली. हा एका बाईच्या घरी जातो, सोमवारी काहीच घडलं नाही असं वागू लागतो, आणि ती बाई ते चालवून घेत नाही. १९८७च्या 'फेटल ॲट्रॅक्शन'ची गोष्ट एवढीच. तरी त्या वर्षी अमेरिकेत सर्वाधिक कमाई करणाऱ्या सिनेमांत तो दुसरा होता. नोव्हेंबरात 'टाइम' साप्ताहिकाने त्याच्यावर मुखपृष्ठकथा केली. ऑस्करला सहा नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही.

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी हॉलमध्ये जमून एक सिनेमा पाहतो. हा मी आतापर्यंत तीनदा लावला. दर वेळी नवीन माणसं अर्ध्यावरच 'त्या वेड्या बाईचा पिक्चर' असा शिक्का मारून मोकळी होतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. माझ्या मते हा करून सवरून नामानिराळा राहू पाहणाऱ्या पुरुषाचा सिनेमा आहे. प्रदर्शनाच्या आधी त्याचा शेवट बदलला गेला आणि सगळा दोष एकट्या बाईच्या अंगावर पडला. पण शेवट बदलला तरी आधीची दीड तासांची बांधणी तशीच राहिली. दोन्हींचा सांधा नीट पाहिलं तर दिसतो. तो तुम्हाला दिसावा म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या चार पायऱ्या सिनेमाच्या आधी वाचा. पुढच्या पायऱ्यांत शेवट उघड केला आहे, त्या नंतरसाठी ठेवा.

पायरी १ : कुणासोबत पाहायचा

लांबी दोन तासांना एक मिनिट कमी. मध्ये थांबवू नका, जेवण आधी उरकून घ्या. मुलं झोपल्यावरच लावा. शरीरसंबंधांची उघड दृश्यं आहेत, एका पाळीव प्राण्याचे हाल आहेत, आणि एक पात्र स्वतःला इजा करून घेतं. तुमच्यापैकी कुणी तशा काळातून गेलं असेल तर त्या व्यक्तीला हे आधी सांगा आणि पाहायचा की नाही ते तिलाच ठरवू द्या. मनावर ताण आला, बोलावंसं वाटलं, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

नवरा-बायकोने मिळून जरूर पाहावा. त्या रात्री एकमेकांशी थोडं जास्त बोलणं होईल एवढंच.

पायरी २ : फुलपाखराची गोष्ट आधी माहीत करून घ्या

हे कुणी सांगत नाही आणि इथेच नव्या प्रेक्षकाचं मोठं नुकसान होतं. सिनेमाभर एका ऑपेराचे सूर येत-जात राहतात : इटालियन संगीतकार पुच्चिनीचा 'मादामा बटरफ्लाय'. १९०४मध्ये मिलानला पहिला प्रयोग झाला. गोष्ट नागासाकीतली. अमेरिकन नौदलातला पिंकर्टन नावाचा अधिकारी चो-चो-सान या तरुण जपानी मुलीशी लग्न लावतो. त्याच्या लेखी ते चार दिवसांचं, तिच्या लेखी जन्माचं. तो निघून जातो. ती त्याचं मूल वाढवत तीन वर्षं समुद्राकडे डोळे लावून बसते. तो परततो तो अमेरिकन बायकोला घेऊन, मूल न्यायला. चो-चो-सान वडिलांच्या सुरीने स्वतःला संपवते.

आपल्याकडे संगीत नाटकातलं एखादं पद नुसतं सुरू झालं तरी जुन्या रसिकाला पुढचा प्रवेश डोळ्यांसमोर दिसतो. इथे तेच अपेक्षित आहे. डॅन, म्हणजे मायकेल डग्लसने केलेला वकील, ॲलेक्सला, म्हणजे त्या बाईला, सांगतो की लहानपणी वडिलांनी त्याला हा ऑपेरा दाखवायला नेलं होतं. दोघांना तो आवडतो. एकाच गाण्यात ती स्वतःला कुठे पाहते आणि तो स्वतःला कुठे पाहतच नाही, हे लक्षात ठेवून बसा.

पायरी ३ : पहिला अर्धा तास नजर डॅनवरून हलवू नका

ॲलेक्स पडद्यावर आली की डोळे आपसूक तिच्याकडे जातात. ग्लेन क्लोजने ते कामच तसं केलं आहे. कुरळ्या सोनेरी केसांचा तो पसारा, आणि कुणी फालतू विनोद केला तर त्याला जागच्या जागी गार करणारी नजर. तरीही पहिल्या अर्ध्या तासात तिला बाजूला ठेवा आणि डॅनचे हात बघा. तो काय उचलतो, काय लपवतो, कुठे काय सारखं करतो.

सुरुवातीला त्याचं घर दिसतं. न्यूयॉर्कमधला मध्यमवर्गीय फ्लॅट, सगळीकडे पसारा, मुलगी टीव्हीसमोर, बायको तयार होते आहे, फोन वाजतो आहे. या घरात प्रेम नाही असं सिनेमा एकदाही म्हणत नाही. बायको बेथ (ॲन आर्चर) देखणी आहे, समजूतदार आहे, नवऱ्यावर तिचं मन आहे. बाहेरख्यालीच्या गोष्टींत एरवी बायको कजाग दाखवतात, म्हणजे प्रेक्षकाला नवऱ्याची बाजू घेणं सोपं जातं. दिग्दर्शक एड्रियन लाइनने ती पळवाटच बंद केली.

मग एक पार्टी होते, घरी परतल्यावर डॅनला रात्री कुत्र्याला फिरवून आणावं लागतं, आणि तो येतो तर मुलगी आईच्या कुशीत झोपलेली. तो नुसता हसतो. छोटंसं दृश्य आहे. पुढे जे होतं त्याचं हे कारण नव्हे, एवढ्याशा निमित्तावर माणूस काय करून बसतो ते यातून कळतं.

शनिवारी ऑफिसातली बैठक, पाऊस, न उघडणारी छत्री, मग दोघांचं रेस्टॉरंटमधलं बोलणं. हे बोलणं कान देऊन ऐका. ही गोष्ट गुपचूप राहील ना, याची खातरजमा दोघंही करून घेतात. कुणी कुणाला फसवत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्यांना 'एकतर्फी प्रेम' हा ठरलेला शब्द आहे, तो इथे लागू पडत नाही. तो एकदा नाही, दुसऱ्या दिवशीही तिच्याकडे जातो. तिच्या हातचं जेवतो, तिच्यासोबत बागेत कुत्र्याला खेळवतो, ऑपेरा ऐकतो.

आणि घरी परतल्यावर? पलंगावर कुणी झोपलेलंच नाही, म्हणून तो चादर विस्कटतो. बायकोने फ्रिजमध्ये ठेवलेली स्पॅगेटी कुत्र्याला घालतो, म्हणजे ताट रिकामं दिसेल. सुरी, रक्त, पाठलाग हे सगळं पुढचं आहे. मला मात्र या सिनेमात सगळ्यात भीतिदायक वाटते ती ही चादर. किती सराईतपणे विस्कटतो तो!

पायरी ४ : पाणी आणि फोन

पाहताना मनात दोनच गोष्टींची नोंद ठेवा.

पहिली पाणी. पाऊस, स्वयंपाकघरातल्या बेसिनचा नळ, गॅसवर उकळणारं भांडं, किटली, टब. दर वेळी पाणी जरा जास्त तापलेलं असतं. दिग्दर्शक भीती घरातल्याच वस्तूंतून काढतो. एका भांड्याच्या झाकणाचं दृश्य येईल. तिथे एकाच वेळी दोन माणसं दोन ठिकाणी धावत असतात आणि संकलनाने ती दोन्ही टोकं एका किंकाळीत जोडली आहेत. त्या दृश्यापासून इंग्रजीत नाद न सोडणाऱ्या बाईला एक नवी शिवीच तयार झाली, 'बनी बॉयलर', आणि ती आजही वापरात आहे.

दुसरी गोष्ट फोन. पटकथाकार जेम्स डिअर्डनने १९८०मध्ये 'डायव्हर्जन' हा लघुपट केला होता, त्यावरून हा सिनेमा बेतला. त्या लघुपटात सुरी घेऊन पाठलाग नव्हता. शेवटी फोन वाजतो आणि बायको तो उचलते, बस. मोबाइल नव्हते, पलीकडे कोण आहे ते उचलल्याशिवाय कळत नव्हतं, आणि घरातला फोन सगळ्यांचा असायचा. ज्यांच्या घरी हॉलमध्ये विणलेल्या रुमालाखाली काळा फोन होता त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मोबाइल बाजूला ठेवा आणि सिनेमा पाहून या.

पायरी ५ : सांधा शोधा

पाहिलात? मग शेवट आठवा. बाथरूममध्ये वाफ, बेथ आरशावरून हात फिरवते आणि मागे ॲलेक्स उभी. खाली किटलीची शिटी वाजते आहे म्हणून डॅनला किंकाळी ऐकू येत नाही. झटापट, तो ॲलेक्सला टबात बुडवतो, ती निपचित पडते आणि पुन्हा उसळून वर येते. बेथ गोळी झाडते. पोलीस जातात, नवरा-बायको दाराशी एकमेकांना धरून उभे राहतात, आणि कॅमेरा कुटुंबाच्या फोटोवर स्थिरावतो.

अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू? पण माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई, सत्तरी ओलांडलेल्या, आमच्यात पहिल्यांदाच आलेल्या, दिवे लागल्यावर म्हणाल्या, "अगं, त्या सुरीला त्याचा हात लागला होता ना? एवढं जवळून दाखवलं आणि मग सोडून का दिलं?"

आम्ही सगळे स्वतःला सिनेमातलं कळतं असं समजणारे, आणि सांधा सापडला काकूंना.

ते दृश्य पुन्हा लावून पाहा. डॅन ॲलेक्सच्या घरात शिरतो, तिच्यावर हात टाकतो, तिचा गळा दाबतो, मग सोडतो. ती सुरी घेऊन धावते, तो ती हिसकावतो, आणि हळूच ओट्यावर ठेवून मागे सरतो. ती हसते. का हसते? प्रदर्शित झालेल्या सिनेमात याला उत्तर नाही. पुढे सुरी पुन्हा येते, पण तिच्यावरच्या ठशांचा विषय निघत नाही.

मूळ शेवटात ते उत्तर होतं. त्यात ॲलेक्स स्वतःच्या घरी, बटरफ्लायचे सूर चालू असताना, त्याच सुरीने आपला गळा चिरते. सुरीवर ठसे डॅनचे. पोलीस त्याच्या दारात येतात आणि त्याला खुनासाठी धरून नेतात. मग बेथला ती कॅसेट सापडते, ॲलेक्सने डॅनला पाठवलेली, जी त्याने गाडीत आणि मग घरात चोरून ऐकली होती. त्या ध्वनिफितीत ॲलेक्सने जीव देण्याचं बोललेलं असतं. नवऱ्याला सोडवू शकेल असा पुरावा बायकोच्याच हातात येतो.

म्हणजे ऑपेरा, सुरी आणि कॅसेट, तिन्ही गोष्टी या एका शेवटासाठी पेरलेल्या होत्या. चाचणीच्या खेळांत प्रेक्षकांना तो रुचला नाही. त्यांना ॲलेक्सला शिक्षा झालेली पाहायची होती. निर्माते स्टॅन्ली जॅफी आणि शेरी लान्सिंग, आणि पॅरामाउंट कंपनी यांनी नवा शेवट चित्रित करायचं ठरवलं. ग्लेन क्लोजचा त्याला विरोध होता. आपण जिचं काम केलं ती बाई दुसऱ्याचा नाही, स्वतःचा जीव घेईल, असं तिचं म्हणणं होतं. शेवटी ती तयार झाली. नव्या शेवटाने गल्ला भरला हे खरं. पण चो-चो-सानची सुरी जिच्या हातात द्यायला निघाले होते, तिला टबातून उसळणारं भूत करून टाकलं, आणि ज्याने चादर विस्कटली त्याला एका रात्रीत घराचा रक्षक केलं.

इथे माझं मत अगदी ठाम आहे : मूळ शेवट जास्त खरा होता. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना ते पटत नाही, ते म्हणतात टबाशिवाय हा सिनेमा कुणी लक्षातच ठेवला नसता. तुम्ही स्वतः ठरवा.

पायरी ६ : मूळ शेवट पाहा

जपानमध्ये हा सिनेमा मूळ शेवटासह दाखवला गेला. पुढे १९९२मध्ये अमेरिकेत आलेल्या व्हिडिओ आवृत्तीतही तो जोडला गेला, आणि नंतरच्या काही डिस्कवरही आहे. पाहायचा झाला तर त्याच रात्री नको, दुसऱ्या दिवशी. आणि थेट शेवटाकडे न जाता सुरीच्या झटापटीपासून सुरू करा, म्हणजे तिच्या त्या हसण्यापासून थेट मूळ शेवटापर्यंत जाता येईल.

पायरी ७ : ॲलेक्सकडे परत या

पहिल्या वेळी तिला बाजूला ठेवायला सांगितलं होतं. आता एक जागा दाखवते. बागेत खेळताना डॅन गंमत म्हणून छातीवर हात ठेवून कोसळतो. ती घाबरते, चिडते, सांगते की माझे वडील माझ्यासमोर हृदयविकाराने गेले, मी सात वर्षांची होते. त्याचा चेहरा पडतो. मग ती हसून म्हणते, थापा मारल्या, वडील चांगले ठणठणीत आहेत. तोही हसतो आणि आपणही विसरतो. बऱ्याच वेळाने डॅन तिच्या घरी चोरून शिरतो, कागदपत्रं उलगडतो, तेव्हा त्याला एक जुनं कात्रण मिळतं. वडिलांच्या निधनाचं. ती खरंच बोलत होती. स्वतःचं सगळ्यात मोठं दुःख तिने समोरच्याला अवघडू नये म्हणून थट्टेवारी नेलं. डॅन कात्रण बघतो आणि पुढे सरकतो. सिनेमाही पुढे सरकतो, आणि मला नेमका याचाच राग आहे.

क्लोजने काम सुरू करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना पटकथा दाखवून विचारलं होतं की असं वागणं शक्य आहे का, आणि असलं तर ते कशातून येतं. तिने मनाशी ॲलेक्सचं एक पोळलेलं बालपण धरलं होतं. पडद्यावर त्यातलं जवळजवळ काही आलं नाही. सुझन फलूडी या पत्रकार लेखिकेने १९९१च्या आपल्या पुस्तकात या सिनेमावर कडक टीका केली : एकटी राहणारी, कमावती बाई म्हणजे धोका आणि घरातली बायको म्हणजे सुरक्षितता, अशी मांडणी त्यात आहे. ॲलेक्स प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. तिचं घर पांढरं, मोकळं, खाली खाटकांची गोदामं. बेथचं घर उबदार, शेकोटी आणि ससा. दोन घरांतला हा फरक आता वेगळा दिसेल.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ॲलेक्स मुलीला शाळेतून परस्पर उचलून नेते, गाडीवर ॲसिड ओतते. हा छळच आहे, तिच्या दुःखाने तो माफ होत नाही. डॅन पोलिसांकडे जातो तेव्हा 'माझ्या एका अशिलाची गोष्ट' म्हणून सांगतो, आणि तिथला अधिकारी हात वर करतो. त्याच्या खोटेपणापलीकडे एक खरी अडचण होती : १९८७मध्ये अमेरिकेतल्या एकाही राज्यात पाठलागाविरुद्ध स्वतंत्र कायदा नव्हता. पहिला कॅलिफोर्नियाने १९९०मध्ये केला. आपल्याकडे २०१३मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ३५४-ड आलं, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे, आणि ते पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करण्याबद्दल आहे. आपल्या गावाशहरांत 'नाही' म्हटल्यावर मागे लागणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि जीव मुलीचा जातो. सिनेमाने भूमिका उलट केल्या आहेत, हे भान ठेवूनच तो पाहा, नाहीतर भलतीच भीती मनात घेऊन उठाल.

पायरी ८ : यानंतर काय

मागे जायचं असेल तर १९७१चा 'प्ले मिस्टी फॉर मी' पाहा, क्लिंट ईस्टवुडने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा. एका रेडिओ निवेदकामागे लागलेल्या चाहतीची गोष्ट, या सिनेमाची थोरली बहीण म्हणता येईल. टबातल्या उसळीचं मूळ पाहायचं असेल तर क्लूझोचा १९५५चा फ्रेंच 'दियाबोलिक' गाठा. लाइनने स्वतः २००२मध्ये 'अनफेथफुल'मध्ये हाच विषय बायकोच्या बाजूने मांडला, आणि तिथे त्याने कुणालाच सोडवलं नाही.

आणि २००१चा 'प्यार तूने क्या किया' मुद्दाम पाहा. उर्मिला मातोंडकर आणि सोनाली कुलकर्णी, दोघी आपल्या. उर्मिला झपाटलेली, सोनाली बायको, दोघींची कामं उत्तम. पाहताना एवढंच शोधा की इथे नायकाने नेमकं काय केलं आहे. लग्नाचं सांगायचं राहून गेलं, एवढंच. विस्कटायला चादरच नाही. गुन्हा काढून घेतला की गोष्ट खरंच 'वेड्या मुलीची' होते, आणि शेवटी तिची रवानगी मनोरुग्णालयात. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या शनिवारी लावा, चर्चेला वेळ पुरणार नाही.

मूळ सिनेमा दुसऱ्यांदा लावाल तेव्हा दिव्याच्या दृश्यापाशी थांबा. तिने बटरफ्लायची तिकिटं काढली होती, त्याने येणार नाही म्हणून सांगितलं. तो मित्रांसोबत हसतो-खेळतो आहे. ती आपल्या पांढऱ्या घरात जमिनीवर बसली आहे, ऑपेरा चालू आहे, आणि हात दिव्याच्या बटणावर. लावते, विझवते, लावते, विझवते. तोवर तिने कुणाचं काहीही बिघडवलेलं नाही. फोन त्याच्याही घरी आहे आणि तो एकदाही उचलून 'कशी आहेस' विचारत नाही.